सागवानी टेबलाचा माथा, फक्त हातरंध्यांनी: प्रकल्प नोंदी

6 नोव्हेंबर

काम: लिहिण्याच्या टेबलाचा माथा. लांबी 1200 मि.मी., रुंदी 560, तयार जाडी 22. चार सागवानी फळ्या आहेत, करवतीतून आल्या तशाच खरखरीत, साधारण 29 मि.मी. जाडीच्या. दोन फळ्यांना पीळ आहे. एक आडवी खोलगट झाली आहे. चौथीची रेषा, म्हणजे धाग्यांची दिशा, मात्र सतत बदलते, थोडी सुलटी, लगेच उलटी, पुन्हा सुलटी. दिसायला तीच सगळ्यांत देखणी, म्हणून ती मधल्या जागेत बसणार. तिच्यावरून धागा न उपटता रंधा नेणं हा या कामाचा खरा कस आहे.

रंधे चार. पाच नंबर जाडी काढायला, सात नंबर सपाटीला आणि कडा जोडायला, चार नंबर शेवटच्या गुळगुळीत हातासाठी, आणि टोकाच्या आडव्या छेदासाठी कमी कोनाचा छोटा ब्लॉक रंधा. नंबर म्हणजे लांबी नाही, नुसता चढता क्रम आहे. लिओनार्ड बेली या अमेरिकन रंधे बनवणाऱ्याच्या रचनेचे हक्क स्टॅन्ली कंपनीने 1869 मध्ये घेतले, तेव्हापासून हे आकडे चालत आले आहेत आणि इतर कारखान्यांनीही तेच उचलले. पाच नंबर सुमारे 14 इंच, सात नंबर 22 इंच, चार नंबर साडेनऊच्या आसपास.

लांबीचा अर्थ नीट कळला तर निवड आपोआप होते. लांब तळ फळीवरच्या उंचवट्यांवर टेकून चालतो. दोन उंचवट्यांच्या मधल्या खोलगट जागेत पातं पोहोचतच नाही. उंचवटे झिजत गेले की मगच ते खाली उतरतं, आणि टोकापासून टोकापर्यंत अखंड छिलका निघाला की समजायचं, सपाटी आली. छोटा रंधा खळग्यात उतरतो आणि चढावर चढतो. तो पृष्ठभाग सुंदर करतो, सरळ करत नाही. म्हणून चार नंबरने सपाटी आणायला जाऊ नये आणि सात नंबरकडून शेवटची लकाकी मागू नये.

एकच रंधा घ्यायचा असेल तर मी पाच नंबर सांगेन. दोन पाती ठेवली, एक चांगलं गोलसर आणि एक जवळपास सरळ, तर खरवडण्यापासून गुळगुळीत हातापर्यंत बरंच काम त्यावर निभतं.

7 नोव्हेंबर

पाच आणि चार नंबर जुने, वापरलेले आहेत. जुना रंधा हातात घेतल्यावर मी काय बघते ते लिहून ठेवते, कारण लोक नेमकी चुकीची गोष्ट बघून नकार देतात. वरवरचा गंज, सुटलेला रंग, फुटकी मूठ, या कशाचंच वावडं नको. मूठ लाकडाचीच, नवी बनवता येते. नकार द्यायचा तो तोंडाच्या, म्हणजे पातं तळातून बाहेर येतं त्या फटीच्या, कोपऱ्यातून निघालेल्या तड्याला. तळाच्या बाजूच्या भिंतींना तडा असेल तरीही नको. तळ बिडाचा असतो, बीड ठिसूळ, आणि तिथली दुरुस्ती भरवशाची नसते. पात्याच्या सपाट पाठीवर धारेजवळ गंजाचे खोल खड्डे असतील तर पातं बदलावं लागेल एवढं धरून चालायचं, कारण खड्ड्यावर आलेली धार म्हणजे दातेरी धार. स्क्रूंचे आटे फिरतात का, खोलीची पितळी चकती हलते का, पातं डावी-उजवीकडे कलवणारी पट्टी चालते का, बस्स.

माझ्या दोघांतही तडा नाही. पाच नंबरचं मूळचं पातं ठेवणार. चार नंबरला तीन मि.मी. जाडीचं पातं घातलं आहे. जुनं जेमतेम दोन मि.मी. आहे. जाड पातं कंप कमी करतं, पण पातं नीट टेकलेलं नसेल तर जाडीचा उपयोग नाही.

9 नोव्हेंबर

दोन्ही रंधे पूर्ण सुटे केले. रॉकेल, पितळी ब्रश, जुनं फडकं. आट्यांत वर्षानुवर्षांची धूळ आणि तेल मिळून घट्ट खळ झालेली होती.

आजचं मुख्य काम फ्रॉगचं. पातं ज्या उतारावर झोपतं तो बिडाचा ठोकळा म्हणजे फ्रॉग. बेलीच्या रचनेत हा उतार 45 अंशांचा. तो खाली तळाच्या घडीव जागेवर नीट बसला पाहिजे आणि वर पात्याला, विशेषतः धारेच्या लगत, पूर्ण टेकू दिला पाहिजे. लाकडात धार शिरते तेव्हा पात्यावर मागे ढकलणारा जोर येतो. धारेखाली पोकळी असेल तर पातं किंचित वाकतं, सुटून परत येतं, पुन्हा वाकतं. लाकडावर आडव्या बारीक लाटा उमटतात आणि रंधा खरखर आवाज करतो. त्या आवाजावर लोक धार लावत बसतात. रोग मात्र टेकूत असतो.

चार नंबरच्या फ्रॉगवर रंगाचा थर आणि मधोमध एक उंचवटा होता. मार्करने काळं केलं, पातं ठेवून दाबून सरकवलं, जिथे शाई पुसली गेली तिथे बारीक कानशीने दोन-चार हलके हात. पुन्हा शाई. दोन्ही खालचे कोपरे आणि वरची बाजू टेकली की थांबायचं. इथे चकाकी आणायची नसते.

फ्रॉग पुढे-मागे सरकवून तोंड लहान-मोठं करता येतं. सध्या फ्रॉगचा उतार तोंडाच्या मागच्या कडेशी एका रेषेत आणला आहे, म्हणजे पात्याला शेवटपर्यंत टेकू मिळतो. तोंड किती बारीक करायचं हे चिपब्रेकर, म्हणजे पात्यावर धारेलगत बसणारी लोखंडी पट्टी, बसवल्यावर ठरवू.

10 नोव्हेंबर

तळ. या विषयावर जेवढा वेळ आणि कागद खर्च होतो तेवढा पात्यावर झाला तर पुष्कळ लोक सुखी होतील.

जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवला, 80 चा, मग 120, मग 220. घासताना पातं आत ओढून घेतलेलं, पण लिव्हर कॅप (पात्याला वरून दाबून धरणारी टोपी) नेहमीच्या दाबाने आवळलेली, कारण त्या दाबाने तळ थोडा ताणला जातो आणि आपल्याला त्याच ताणातला तळ सपाट हवा असतो. तळावर मार्करच्या आडव्या रेघा मारल्या. चार नंबरचं टोक आणि शेपूट लगेच उजळलं, तोंडाच्या पुढची जागा मात्र काळीच राहिली.

हीच जागा महत्त्वाची. चार नंबरचा शेवटचा छिलका 0.03 ते 0.05 मि.मी. जाड असतो. तोंडाच्या पुढचा तळ यापेक्षा जास्त आत असेल तर पात्याच्या लगत लाकडाला दाबणारं काहीच उरत नाही आणि रंधा मध्येच सुटतो, मध्येच चावतो. म्हणून टोक, तोंडाचा परिसर आणि शेपूट या तीन जागा एका पातळीत आल्या की चार नंबरचं काम झालं. मधल्या भागात एखादी काळी रेघ शिल्लक राहिली तर राहू दे. सरळ पट्टी ठेवून फट मोजायच्या फीलर गेजची 0.05 मि.मी.ची पात तोंडाजवळ कुठे शिरत नाही ना तेवढं पाहिलं.

पाच नंबरचा तळ फक्त पुसला. हा रंधा मिलिमीटरच्या भाषेत काम करतो, त्याला शंभराव्या भागाची सपाटी देऊन काही मिळत नाही. सात नंबरला हात लावला नाही. तो पट्टीखाली चांगला आहे, आणि 22 इंचांचा तळ त्याच्याहून लांब, खात्रीच्या सपाटीशिवाय घासायला गेलं तर टोकं झिजून मधला भाग उंच राहतो. उंच पोटाच्या सात नंबरने सरळ कड निघत नाही.

13 नोव्हेंबर

पाती.

धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेषा. उताराची, म्हणजे तिरपी घासलेली बाजू सगळे मन लावून घासतात, पाठ विसरतात. पाठीवर कारखान्यातले ओरखडे असतील तर उतार कितीही चकचकीत केला तरी धार तेवढ्याच ओरखड्यांची. चार नंबरच्या पात्याची पाठ 1000 च्या दगडावर धारेपासून बोटभर रुंदीपर्यंत एकसारखी मळकट दिसेपर्यंत घासली. त्यानंतर 8000 च्या दगडावर ब्रिटिश सुतारकाम शिक्षक डेव्हिड चार्ल्सवर्थ यांनी लोकप्रिय केलेली पट्टीची युक्ती: दगडाच्या एका कडेला अर्धा मि.मी. जाडीची पोलादी पट्टी ठेवायची, पात्याचा मागचा भाग तिच्यावर टेकवायचा, म्हणजे पाठीचा फक्त धारेलगतचा बारीक पट्टा दगडाला लागतो. पूर्ण पाठ आरशासारखी करण्याचे कष्ट वाचतात. ही युक्ती फक्त रंध्याच्या पात्यासाठी. पटाशीची पाठ सपाटच राहायला हवी, कारण काम करताना तीच लाकडावर टेकते.

उतार 25 अंशांचा, त्यावर धारेलगत 30 अंशांचा बारीक दुय्यम उतार. पातं 45 अंशांवर झोपलेलं, उतार खालच्या बाजूला, म्हणजे धारेच्या मागे लाकडापासून 15 अंशांची मोकळीक राहते. हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. धार टिकाऊ व्हावी म्हणून दुय्यम उतार 40 अंशांपर्यंत नेला तर मोकळीक पाच अंशांवर येते, आणि थोडी झीज होताच पात्याचं पोट लाकडावर घासायला लागतं. रंधा कापायचं सोडून वरून घसरतो आणि आपण आणखी जोर लावतो.

सागाच्या लाकडात सिलिका असते, ती धार लवकर खाते. म्हणून 30 अंश, त्याहून बारीक नाही. चार नंबरचं पातं ए-टू पोलादाचं आहे. ते धार जास्त वेळ धरतं, पण उतार फार बारीक ठेवला तर त्याच्या कडेचे सूक्ष्म कण सुटतात. पाच नंबरचं जुनं साधं कार्बन पोलाद दगडावर पटकन येतं. खरवडीच्या कामात मला तेच आवडतं. बोथट झालं, दोन मिनिटांत पाजळलं, परत लागलो.

धारेचा आकार. पाच नंबरच्या पात्याला साधारण 250 मि.मी. त्रिज्येची गोलाई दिली, म्हणजे 50 मि.मी. रुंदीत कोपरे मध्यापेक्षा सुमारे सव्वा मि.मी. मागे. हे पातं अरुंद पण जाड छिलका काढतं, त्यामुळे हाताला झेपेल इतक्या जोरात खूप लाकूड निघतं. चार नंबरला फक्त कोपऱ्यांवर बोटाचा दाब देऊन दोन-चार जास्त हात. कोपरे जेमतेम केसभर मागे. तेवढ्याने पृष्ठभागावर पात्याच्या कडेच्या रेघा उमटत नाहीत. सात नंबरचं पातं त्याहूनही सरळ.

दर दगडावर पाठीमागे बोट फिरवून बर, म्हणजे घासल्याने धारेवर वळून आलेला बारीक काठ, आला का ते पाहायचं. संपूर्ण रुंदीत एकसारखा बर लागला नाही तर पुढच्या दगडावर जायचं नाही. चांगल्या धारेची माझी कसोटी पाईनच्या मऊ तुकड्याचा आडवा छेद. बोथट पातं तिथे धागे चिरडतं आणि पांढरट ठिपके दिसतात. खरी धार मेणासारखा तुकतुकीत छेद देते. कागद कापून दाखवणाऱ्या धारेला मी अजून धार म्हणत नाही.

14 नोव्हेंबर

आजची नोंद लांबणार. माझ्या मते रंध्याचं सगळं खरं काम धारेच्या आसपासच्या एका मिलिमीटरमध्ये घडतं. बाकी बीड, मुठी आणि स्क्रू तो एक मिलिमीटर जागेवर धरून ठेवण्यासाठी आहेत. आणि त्या मिलिमीटरमधला सगळ्यांत दुर्लक्षित भाग म्हणजे चिपब्रेकर.

धागा का उपटतो? पातं पाचरीसारखं शिरतं आणि छिलका वर उचलतं. छिलका ताठ असेल तर तो धारेच्या पुढेच लाकूड फाडत जातो, आणि ही फाट रेषेच्या दिशेने पळते. रेषा वर येत असेल तर फाट हवेत निघून जाते, काही बिघडत नाही. रेषा फळीच्या पोटात उतरत असेल तर फाटही खाली उतरते, आणि पातं मागाहून तिथे पोहोचेपर्यंत खड्डा पडलेला असतो. उपाय एकच. छिलक्याला ताठ राहू द्यायचं नाही. धारेच्या अगदी लगत त्याला अडथळा द्यायचा, म्हणजे तो तिथेच मोडून पुढे ढकलला जातो आणि त्या दाबाने फाट सुरूच होत नाही.

जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या काटो आणि कावाई या प्राध्यापकांनी हे जवळून चित्रित केलं आहे. धारेजवळचं लाकूड मोठं करून दाखवलेल्या त्या चित्रफितीत, चिपब्रेकर दूर असताना धारेपुढे फाट पळताना दिसते आणि तो मि.मी.च्या एक-दोन दशांशांवर आणताच ती थांबते. अडथळ्याच्या पुढच्या कडेचा कोनही महत्त्वाचा, फार तिरकी कड असेल तर छिलका सहज वर चढून जातो. जुन्या सुतारांच्या हातात ही गोष्ट दुपाती (पातं आणि चिपब्रेकर असलेल्या) रंध्यांबरोबर अठराव्या शतकापासूनच होती, पण डोळ्यांनी दिसल्यावर वाद उरत नाही.

चार नंबरचा चिपब्रेकर असा तयार केला. खालची कड दगडावर घासली, मागचा भाग दगडाच्या पातळीखाली धरून, म्हणजे पात्याला फक्त पुढची टोकाची रेषा टेकते. पात्यावर ठेवून स्क्रू हलका आवळला आणि दोघांच्या मधून दिव्याकडे पाहिलं. उजेडाचा ठिपकासुद्धा दिसायला नको. जिथे उजेड जातो तिथे छिलका शिरतो, एकदा एक शिरला की मागून येणारे सगळे तिथेच अडकतात. मग पुढची कड सुमारे 50 अंशांची केली आणि 8000 वर गुळगुळीत केली, कारण छिलका तिच्यावर घासत जाणार.

बसवताना मोजमापापेक्षा डोळा कामाला येतो. पातं तिरप्या उजेडात धरलं की चिपब्रेकरच्या पुढे पात्याची चकचकीत पट्टी दिसते. ती पट्टी बारीक होत होत जेमतेम रेघ उरली की स्क्रू आवळायचा. आवळताना चिपब्रेकर किंचित पुढे सरकतो, म्हणून आधी थोडी जागा जास्त ठेवून शेवटचा ताण द्यायचा. पाच नंबरवर मात्र दीड-दोन मि.मी. मागे ठेवला. तिथे जाड छिलका निघणार, त्याला वाट हवी, आणि गोल धारेपुढे तो जवळ आणला तर कोपऱ्यांवर धारेच्याही पुढे जाईल.

अंतर बरोबर आहे का हे छिलकाच सांगतो. दूर असेल तर छिलका सैल गुंडाळ्या होऊन पडतो. जवळ आला की तो सरळ होतो, तोंडातून उभा वर निघतो. आणखी जवळ आणला तर त्याच्या बारीक चुण्या पडतात आणि रंधा ढकलायला जड जातो. सरळ निघणारा छिलका ही मला हवी ती जागा.

आता तोंड. बारीक तोंडानेही धागा दाबून धरता येतो, पण बारीक तोंड आणि जवळचा चिपब्रेकर दोन्ही एकत्र केले की छिलक्याला जायला जागाच राहत नाही. यातला एकच उपाय निवडायचा असेल तर मी चिपब्रेकर निवडते. तोंड मोकळं ठेवलं आहे.

17 नोव्हेंबर

फळ्यांना हात लावला.

पीळ पाहण्यासाठी दोन समांतर पट्ट्या, एक गडद आणि एक फिकट, फळीच्या दोन टोकांना आडव्या ठेवल्या आणि एका टोकाकडून डोळा खाली आणून पाहिलं. पहिल्या फळीला टोकापासून टोकापर्यंत साडेतीन मि.मी. पीळ. म्हणजे समोरासमोरचे दोन कोपरे उंच. पेन्सिलने खुणा केल्या. आधी फक्त त्याच कोपऱ्यांवर पाच नंबर चालवला. आख्ख्या फळीवरून सरसकट रंधा मारला तर पीळ जातच नाही, फळी पातळ तेवढी होते.

कोपरे उतरल्यावर रेषेला आडवा, मग तिरपा रंधा. आडवं जाताना छिलके तुटक आणि जाड निघतात, पृष्ठभाग खडबडीत दिसतो, पण लाकूड भराभर निघतं आणि खोल फाट पडत नाही. जिथून रंधा बाहेर पडतो त्या कडेचा तुकडा उडतो, म्हणून ती कड आधी थोडी तासून तिरपी केली. खोलगट फळी पालथी ठेवून आधी तिचा उंचवटा काढला.

खोली वाढवताना एक सवय पक्की हवी. चकती मागे घेतली असेल तर तिच्यातली ढिलाई संपेपर्यंत पुढे फिरवून मगच काम सुरू करायचं. बेलीच्या यंत्रणेत ढिलाई असतेच. शेवटचा फेर नेहमी पुढच्या दिशेचा असला की पातं काम करताना मागे सरकत नाही.

18 नोव्हेंबर

चारही फळ्यांची एकेक बाजू सात नंबरने सपाट. आधी तिरपा, मग रेषेच्या दिशेने. सुरुवातीला पुढच्या मुठीवर भार, मधल्या भागात दोन्ही हातांवर सारखा, शेवटी मागच्या मुठीवर. हे जमलं नाही तर फळीच्या टोकांना उतार येतो.

तळावर मेणबत्तीचं मेण. दोन तिरप्या रेघा ओढल्या तरी जोर इतका कमी लागतो की मेण जवळच ठेवते, आणि रंधा जड वाटू लागला की आधी मेण, तरी जड वाटला तर धार.

खतकसाने जाडीची रेघ चारही बाजूंनी ओढली, उलट बाजू तिच्यापर्यंत उतरवली. 23 मि.मी. ठेवली आहे, एक मि.मी. जोडणीनंतरच्या कामाला.

21 नोव्हेंबर

कडा. चिकटवायच्या दोन फळ्या, ज्या बाजू माथ्यावर वर येणार त्या बाहेर ठेवून, एकमेकींना लावून शिकंज्यात उभ्या धरल्या आणि दोन्ही कडा सात नंबरने एकदम काढल्या. रंधा काटकोनात धरला गेला नाही तरी दोन्ही कडांचा कोन परस्पर भरून निघतो आणि फळ्या उघडून जोडल्यावर माथा सपाट येतो. गुण्या लावायची गरज फार कमी उरते.

शेवटी प्रत्येक जोडाच्या मधल्या भागातून दोन-तीन पातळ छिलके जास्त काढले, टोकं न शिवता. जोड कोरडा धरला तर टोकं टेकतात आणि मध्ये कागदाएवढी फट राहते. एकच क्लँप मधोमध आवळून ती बंद होते. टोकाचा भाग हवेशी ओलावा लवकर देवाणघेवाण करतो आणि आधी आकसतो. त्या ताणाला उत्तर म्हणून टोकांवर कायमचा थोडा दाब राहिलेला बरा. फट मात्र डोळ्याला जेमतेम दिसावी एवढीच. क्लँपच्या जोराने वाकवून बंद करावा लागणारा जोड पुढे कधीतरी उघडतो.

सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे कडा काढल्याबरोबर डिंक लावला. रंध्याने नुकतीच कापलेली ताजी कड डिंकाला सगळ्यांत चांगली धरते. सगळ्या फळ्यांची रेषा शक्य तितकी एकाच दिशेने धावेल अशी मांडणी केली; जोडावरून रंधा नेताना याचा उपयोग होईल. चौथी फळी कुठेही ठेवली तरी ती तिच्या मनाप्रमाणे वागणार.

24 नोव्हेंबर

डिंकाचे थेंब खरवडून काढले. सुकलेला डिंक धार घालवतो, त्याच्यावरून रंधा नेऊ नये. जोडांवरचा किंचित चढउतार सात नंबरने तिरपा जाऊन घालवला. मग चार नंबर, ताज्या धारेचा.

पहिल्या तीन फळ्यांवर काही लिहिण्यासारखं नाही. लांब, सरळ, पारदर्शक छिलके. चौथीवर आधी छिलक्याची जाडी कमी केली आणि सुलट्या भागापासून सुरू केलं. उलट्या पट्ट्यात शिरताना आवाज बदलला, थोडा दबका झाला, पण पृष्ठभागावर बोट फिरवलं तर कुठे ओरखडा नाही. तिरप्या उजेडात पाहिलं. सुलट्या आणि उलट्या पट्ट्यांचा रंग वेगळा दिसतो, कारण धागे प्रकाश वेगवेगळ्या दिशांना परतवतात, पण खड्डा एकही नाही. तुलनेसाठी याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर चिपब्रेकर दीड मि.मी. मागे घेऊन तेवढीच खोली ठेवून हात मारला. उलट्या पट्ट्यात लगेच बारीक खाचा उठल्या. पातं तेच, धार तीच.

लोक अशा वेळी रंधा तिरपा धरून ढकलतात. तिरपा धरल्याने ढकलणं सोपं होतं, हे खरं. पण त्याने कापण्याचा प्रत्यक्ष कोन कमी होतो, आणि उलट्या रेषेला कोन वाढलेला हवा असतो. म्हणून चौथ्या फळीवर रंधा सरळच ठेवला. कोन वाढवायचा दुसरा मार्ग 50 किंवा 55 अंशांच्या फ्रॉगचा, किंवा उतार वर असलेल्या रंध्यात उभा दुय्यम उतार देण्याचा. तोही चालतो, पण जोर जास्त लागतो आणि चकाकी किंचित कमी येते असा माझा अनुभव. चिपब्रेकर जवळ असेल तर 45 अंशांत काम भागतं.

एका टोकाला बारीक गाठ आहे. तिच्याभोवती रेषा चारही दिशांना वळते, तिथे रंध्याचा हट्ट धरला नाही. पोलादी स्क्रेपरने तेवढी जागा साफ केली आणि आजूबाजूला चार नंबरचा एकेक हात देऊन मिसळून टाकली.

26 नोव्हेंबर

दोन्ही टोकं करवतीने कापून ब्लॉक रंध्याने साफ. आडव्या छेदात धागे उभे उभे कापावे लागतात, तिथे फाट पळण्याचा प्रश्न नाही, धागे वाकून चिरडले जाण्याचा आहे. म्हणून कमी कोन. या रंध्यात पातं 12 अंशांवर झोपतं आणि उतार वरच्या बाजूला असतो; 25 अंशांचा उतार धरला तर कापण्याचा कोन 37 अंश. इथे उतार बदलला की कापण्याचा कोन बदलतो, मोकळीक 12 अंशच राहते, हा उतार वर असलेल्या रंध्यांचा मोठा फायदा.

छेदावर थोडं स्पिरिट फिरवलं, धागे मऊ होतात. दोन्ही कडांकडून आत, मध्यापर्यंत. आरपार नेलं तर पलीकडच्या कडेचा तुकडा जातो. शेवटी चारही वरच्या कडांना एक मि.मी. तिरपा काप, 45 अंशांचा अंदाज डोळ्यानेच.

28 नोव्हेंबर

वरच्या बाजूला पॉलिश पेपर लावला नाही. रंध्याने धागे स्वच्छ कापलेले असतात, कागदाने ते खरवडले जातात आणि बारीक भुकटी रंध्रांत बसते. तेल लावल्यावर फरक दिसतो: उरलेल्या तुकड्याचा अर्धा भाग 220 ने घासून आणि अर्धा रंध्याचा ठेवून दोन्हींवर तेल दिलं. रंध्याच्या बाजूला रेषेची खोली उठून आली, दुसरी बाजू जरा मंद. बोटाने चाचपलं तर दोन्ही गुळगुळीतच.

माथ्याला जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पहिला हात दिला, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून घेतलं. तेलाची फडकी पसरून वाळत टाकली, गोळा करून ठेवली नाहीत. वाळताना त्यांत उष्णता साठते आणि ती पेटू शकतात.

खालच्या बाजूला दोन आडव्या पट्ट्या बसणार आहेत. लाकूड रुंदीत हलतं, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून पट्ट्यांतली मधली भोकं गोल आणि बाहेरची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट पाडायची आहेत. खालची बाजू पाच नंबरच्या गोल पात्याच्या खुणांसकट तशीच ठेवते. सपाट आहे, हाताला हलक्या लाटा लागतात, आणि तिथे चार नंबरचा वेळ घालवण्याचं कारण नाही.

पुढच्या कामासाठी टिपण: चार नंबरची धार काढली, चिपब्रेकर त्याच जागी. सात नंबरच्या पात्याला डाव्या कोपऱ्यापाशी बारीक खाच दिसते, पायांच्या चौकटीला हात घालण्याआधी 1000 च्या दगडावर काढायची. पायांसाठीच्या ठोकळ्यांची रेषा सरळ आहे, त्यांना पाच नंबर आणि मग थेट चार नंबर पुरेल.